माय पानी पीत नव्हती

आमच्या घरात ज्याचा कशातच उपयोग न्हाई, त्याला दवाखान्यात बसवत्यात. म्हनून त्या दुष्काळात मायपाशी मी बसलो.

खरं तर बायकोनं बसायचं. बाईच्या दुखन्याला बाई, असंच असतंय आमच्याकडं. पन बायको अडकली व्हती म्हशीपाशी. त्या साली साखर कारखाना बंद पडलता. उसाचं टिपरू न्हाई, तर गाळायचं काय? धुराड्यावर कावळे बसायला लागले. मंग जिथं उसाच्या बैलगाड्यांची रांग लागायची, त्याच आवारात जनावरांची छावनी उघडली. आमचे दोन बैल आन येक म्हैस तिथं नेऊन बांधली. छावनीचा नियम असा का जनावरासंगं घरचं मानूस पाहिजे. मानूस न्हाई, तर चारा न्हाई. आन म्हशीचं जे काय वाटीभर दूध निघायचं ते सहकारी डेअरीची गाडी छावनीवर येऊन घिऊन जायाची. आमची चूल त्याच्यावरच पेटत व्हती.

मंग तुमी म्हनताल, म्हशीपाशी तू बसायचं आन बायकोला दवाखान्यात धाडायचं. मी बी तेच म्हनलो व्हतो. पन म्हशीला इचारा. बायकोचा हात लागला का ती लगीच पान्हा सोडायची, डोळे मिटून रवंथ करायची. मी बसलो का सड आखडून घ्यायची आन वरून लाथ. येक बारी तिनं मला बादलीसकट उडवलं. बादली येकीकडं, मी येकीकडं, समदी छावनी हसायला.

येक जन म्हनला, "का बे, म्हशीनं सोडचिठ्ठी दिली का?"

मी म्हनलो, "बायकोनं दिली असती तर बरं झालं असतं. येवढ्या जोरात लागली नसती."

तर असा हिसाब झाला. बायको म्हशीजवळ, मी मायजवळ.

माय दवाखान्यात कशी आली ते बी ऐका. गावात टँकर यायचा, त्याला टायम नव्हता. आला का समदं गाव घागरी घिऊन पळायचं. मी बी पळायचो, पन माज्या अंगात असं काय हाय कुनास ठावं, लोक मला ढकलून फुडं जात्यात आन मला बी त्यात काय चुकीचं वाटत न्हाई. माय म्हनायची, "सर मुडद्या, तुला कुत्रं बी वाट देईना." आन स्वता घागर घिऊन घुसायची. म्हातारी बघून लोक जागा द्यायचे. त्या दिवशी टँकरची तोटी गळत व्हती. आख्ख्या शिवारात भुई फुटलेली, निस्ता फुफाटा, वली अशी येकच जागा, टँकरखालची. आन माय बराबर तिथंच घसरली. पडली ती बी घागर वर धरून. थेंब सांडू दिला न्हाई. घागर वाचली, खुबा मोडला.

मी पळत गेलो तर म्हनती कशी, "माज्याकडं काय बघतो? आदी घागर धर."

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं. पायाला पट्टी बांधली, पट्टीला दोरी, दोरीला वजन लटकावलं पलंगाच्या खाली. हाडाचा डॉक्टर बीडवरून यायचा, आठवड्यातून येकदा. त्यानं फोटो उजेडाला धरला आन म्हनला, "आपरेशन केलं तर आजी चालतील. पन आदी रक्त, लघवी समदं ठीक पाहिजे. अंगात जरा ताकद येऊ द्या. तवर पडून र्‍हाऊ द्या."

माय मला म्हनली, "काय म्हनला रे?"

"म्हनला, म्हातारी पळंल."

"पळायचं न्हाई मला. चालायचंय. लोकाच्या हातावर पडून मरायचं न्हाई." तिनं माजं मनगट धरलं. "आपरेशन हू दे बाबा, काय बी करून."

तेवढीच येक गोष्ट तिला पाहिजे व्हती. माय चालावी. मला बी तेवढीच.

आता वार्डाचं सांगतो. बायांचा वार्ड हिकडं, मध्ये वरांडा, गड्यांचा वार्ड तिकडं, आन वरांड्याच्या टोकाला बाळंतपनाची खोली. ह्या समद्याला मिळून सिस्टर येक. पैल्या चौघी-पाचजनी व्हत्या म्हनं. येकीची बदली झाली, येक स्वताच बाळंतीन झाली, येकीनं कटाळून नोकरी सोडली. त्यांच्या जागेवर नव्या येनार येनार म्हनून रोज कुनीतरी सांगायचं, पावसावानी. भांडी उचलायला, चादरी बदलायला येक मावशी व्हती, ती रिटायर झाली, तिची जागा तशीच मोकळी. रातच्याला दुसरी सिस्टर यायची, ती बी येकलीच, आन ती आली न्हाई तर हीच थांबायची.

ही सिस्टर अंगानं काडी. माज्या धाकट्या बहिनीच्या वयाची असंल. तिला मी चालताना कवा बघितलंच न्हाई, पळायचीच. चपलीचा अंगठा तुटलेला, पीन लावलेली, तिचा आवाज आला का बाया म्हनायच्या, आली आली. तिचा डबा टेबलावर असायचा तसाच, झाकन न उघडलेला.

मायच्या शेजारच्या पलंगावर येक आजी व्हती, दम्याची. लई चवकस. तिनं सिस्टरला सुई टोचता टोचता इचारलं, "तू कुनाची गं?"

सिस्टरला कळलं तिला काय पाहिजे ते. गाव, आडनाव, समदं.

"मी ह्या वार्डाची, आजी," म्हनली आन कापूस लावून पळाली.

मी रिकामा, तोंड चालू, त्यामुळं लवकरच माजी वार्डात नोकरी सुरू झाली. सलाइनची बाटली संपत आली का सिस्टरला हाक मारायची, हे माजं काम. पैल्या दिवशी मी असा वरडलो का पलीकडच्या वार्डातला येक गडी उठून बसला.

सिस्टर पळत आली. "मामा, हिथं काय बैल पळालाय का? वरडू नका. हे चाक असं खाली फिरवायचं, बाटली बंद हुती. मंग मला सांगा."

दुसऱ्या दिवशी मी चाक फिरवलं, पन दम्याच्या आजीचं. तिची बाटली भरलेली व्हती. आजी म्हनली, "ह्याला कंडाक्टर कुनी केलं? भरलेली गाडी थांबवतो मुडदा."

माय हसली. ती हसली का मला वाटायचं, चला, आजची हजेरी लागली.

मायला कलतं करायचं बी सिस्टरनं शिकवलं. येकाच अंगावर पडून र्‍हायली तर पाठ नासती म्हनली. मी म्हनलो, "सिस्टर, हे मला येतंय. छावनीत बसकन मारलेली गाय आमी अशीच फिरवतो. फकस्त शेपटी धरावी लागती."

माय म्हनली, "शेपटीला हात लावून तर बघ."

असं आमचं चाललं व्हतं, हसनं-खिदळनं. पन येक गोष्ट मला करता येत नव्हती आन माय करू देत नव्हती. लघवीचं, परसाकडंचं. त्याला पलंगाखाली भांडं असायचं. मायनं हळूच म्हनायचं, "बाईला बोलीव." मी सिस्टरला हुडकत जायाचो. ती कवा गड्यांच्या वार्डात कुनाच्या नाकात नळी घालतीय, कवा बाळंतपनाच्या खोलीतून निस्ता तिचा आवाज येतोय, "आता जोर दे, दे, दे." मी दारात हुबा. काय म्हननार? "सिस्टर, ते लेकरू आत थांबवा जरा, माज्या मायला लघवी लागलीय?"

मी येक दिवस मायला म्हनलो, "मी ठिवतो भांडं. डोळे मिटतो."

तिनं माज्याकडं असं बघितलं का मी भांडं हातात घिऊन बाहीर गेलो आन वरांड्यात तसाच हुबा र्‍हायलो, भिकाऱ्यावानी. येक गडी येऊन म्हनला, "जेवन मिळतंय का हिथं?"

मंग येक दुपारी सिस्टर लई येळ आली न्हाई. बाळंतीन अडली व्हती. मायनं धरून धरून धरलं आन शेवटी चादर भिजली. सिस्टर आली, तिनं लगीच चादर काढली, मायला पुसलं, दुसरी आथरली. पन समोरच्या पलंगावरच्या बाईच्या सुनंनं नाकाला पदर लावला. मायनं तोंड भिताडाकडं फिरवलं. त्या दिवशी म्या केलेल्या येका बी इनोदाला ती हसली न्हाई.

आन तवापासून ती पानी पेईना झाली. हे दोन्ही मी माज्या डोळ्यानं बघितलं. पन दोन आन दोन चार करायला शाळंत जावं लागतंय, मी गेलोच न्हाई.

मला उलट अभिमान वाटला. तुमाला सांगतो कावून. आमच्याकडं दुष्काळात जो कमी पानी पेतो त्याला मान असतो. बहात्तरच्या दुष्काळात माय खडी फोडायच्या कामावर व्हती, तवा अर्ध्या तांब्यावर दिवस काढायची म्हनं. हे आमच्या घरात लोक देवाच्या कथेवानी सांगायचे. आन हिथं वार्डात पानी म्हंजे वरांड्यातला येक निळा डराम. टँकर आला तर भरायचा, न्हाईतर बाया तळाला तांब्या खरडायच्या. अशात माज्या मायला गिलास दिला का ती व्हट भिजवायची आन म्हनायची, "मला तान न्हाई. तू पी."

मी म्हनायचो, "बघा! ह्याला म्हनत्यात जुनं हाड."

दम्याची आजी म्हनायची, "आताच्या सुनांना बादलीभर लागतंय बाई."

समोरची सून नाकावरचा पदर काढून मायकडं बघायची. बाकीच्या पेशंटचे नातेवाईक येऊन बघून जायाचे. मी आपला सांगतोय, "हिला सरकारनं बक्षीस द्यायला पाहिजे. हिच्यासारख्या समद्या झाल्या तर टँकर बंद करून टाका." लोक माना हलवायचे. आन मायच्या गिलासातलं उरलेलं पानी मीच पेऊन टाकायचो, वाया कशाला घालवायचं म्हनून. थंडगार लागायचं.

भाकरी बी तिची कमी झाली. कुस्करून ठिवायची ताटात. मला वाटलं, पडून पडून भूक मेली.

येक सकाळी सिस्टर ताप बघायला आली. तिनं मायच्या हाताची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी तशीच उंच र्‍हायली, खाली बसंना. सिस्टर बघत र्‍हायली.

"आजी, पानी पेता का?"

मायच्या आदी मीच बोललो. "सिस्टर, तिचं नाव काढू नका. चिमनीइतकं पेती. आमच्या घरान्यात..."

"मामा, गप बसा. आजी, लघवी कवा झाली?"

माय भिताडाकडं बघाया लागली.

मी म्हनलो, "तिला ते बी जास्त लागत न्हाई. समदंच काटकसरीचं."

कुनी हसलं न्हाई. सिस्टर मायच्या पलंगाच्या कडंवर बसली. तिला बसल्यालं म्या पैल्यांदा बघितलं. मायचा हात तिनं आपल्या मांडीवर घेतला.

"आजी, माज्याकडं बघा. मला बी ड्युटीवर तान लागत न्हाई."

मायनं मान वळवली.

"सकाळी घरून बाटली भरून आनते, तशीच परत नेते," सिस्टर म्हनली. "पानी पेलं का जावं लागतं. गेलं का वार्ड सोडावा लागतो. सोडू कुनावर? येवढ्यात कुनाची बाटली संपली, कुनाला काय झालं, तर?"

मायनं दुसरा हात तिच्या हातावर ठिवला. मंग हळूच इचारलं, "मंग तुला बी जळजळ हुती का गं?"

"हुती की."

"कमरंत कळ येती?"

"येती, आजी."

मायच्या डोळ्यातून पानी आलं. मला वाटलं, येवढ्या कोरड्या डोळ्यात हे कुठं शिल्लक व्हतं. म्हनली, "तू येकटी. कितीदा तुला हाक मारायची, लेकरा. लाज वाटती."

त्या दोघी तशा हातात हात धरून बसल्या आन मी पायथ्याला हुबा. हातात गिलास. मायचाच. निम्मा पेलेला.

वरांड्यात येऊन सिस्टर मला रागावली न्हाई. रागावली असती तर बरं वाटलं असतं. म्हनली, "मला आदी कळायला पाहिजे व्हतं. माज्यावरूनच मला कळायला पाहिजे व्हतं." मंग डोळे पुसून म्हनली, "मामा, त्यांच्या लघवीत बिघाड झालाय. आता तपासनीला पाठवते, पन मला दिसतंय. नळी टाकता येईल, पन नळी सांभाळायला बी मानूस लागतं, न्हाईतर नळीतूनच घान आत जाती. घरातलं बाईमानूस आना. आजच्या आज. मी हाय, पन मी येकटी हाय."

मी नेकनूरकडं जानारी यष्टी पकडली आन फाट्यावर उतरून छावनीकडं पळत सुटलो. बायको शेन काढत व्हती. तिला समदं सांगितलं. ती हातातली पाटी खाली न ठिवताच म्हनली, "आवं, येवढे दिवस तिथं बसून केलं काय तुमी?"

"हसवलं," म्हनलो.

तिनं आता पाटी खाली ठिवली. तेच लागलं.

आता सवाल म्हशीचा. दूध न्हाई काढलं तर सड सुजनार, डेअरीचं दूध बंद, आन आमी खायाचं काय? बायकोनं जरा इचार केला आन म्हनली, "माजं हे लुगडं नेसा. वासानं फसंल ती." तिनं बाजंच्या आडुशाला जाऊन अंगावरचं लुगडं सोडलं, दुसरं नेसली, आन ते शेनाचं, घामाचं लुगडं माज्या अंगावर फेकून यष्टीला गेली.

सांजच्याला मी लुगडं नेसलो. मला धोतर बी नीट नेसता येत न्हाई. निऱ्या मागं गेल्या, काष्टा फुडं आला. डोक्यावरून पदर घेतला आन बादली घिऊन निघालो. आख्खी छावनी गोळा झाली. बाया पदरात तोंड घालून हसताय्‌त, गडी शिट्ट्या मारताय्‌त.

"ओ वैनी, कुकू इसरलात का?"

"वैनी, मिशा कवा काढनार?"

मी लाजल्यावानी केलं, पदर दातात धरला, कमरंला झोका दिला. मला ते जमतंय. मंग म्हशीखाली बसलो. म्हशीनं मान वळवली, पदराचा वास घेतला, आन माज्या खांद्यावरून जीभ फिरवली. पान्हा सुटला. जलमात पैल्यांदा म्हशीनं मला जवळ केलं, ते बी मी म्हनून न्हाई.

धारंचा आवाज बादलीत यायला लागला तसे लोक गप झाले. मी पदर डोळ्यावर वढून घेतला. त्यांना वाटलं, सोंग चाललंय.

पुढं रोज तसंच, सकाळ-सांज. डेअरीच्या गाडीवाला बी म्हनायला लागला, "आन वैनी, बादली आन." तिकडून शेजाऱ्याच्या फोनवर बायकोचा सांगावा यायचा. माय पानी पेतीय. लघवी झाली. ताप हाय, पन उतरतोय. मंग येक दिवस म्हनली, ताप पुन्ना चढलाय, हिथला डॉक्टर म्हनतो, मूत्रपिंडाला सूज हाय, आपरेशनचं आता नाव काढू नका, येऊन भेटून जा.

सकाळचं दूध काढलं आन निघालो. लुगडं पिशवीत कोंबून संगं घेतलं, कावून का मागं ठिवलं तर छावनीतले गडी ते नेसून नाचायचे.

वार्डात गेलो तर बायको औषिध आनायला बाहीर गेलती. मायचं तोंड सुजलेलं, डोळे बारीक झालेले. वजन लावलेला पाय तसाच. मला वाटलं, झोपलीय. तर तिनं डोळे उघडले आन पिशवीकडं बघितलं.

"त्यात हाय का?"

"काय?"

"लुगडं. सुनंनं सांगितलं मला." तिचं अंग हलाया लागलं. मला वाटलं, कळ आली. पन ती हसत व्हती. लई येळ हसली, मंग दम लागला, मंग थांबली. आन म्हनली, "मुडद्या, म्हशीसाठी लुगडं नेसलास. मंग हिथंच नेसायचं व्हतं की. आदीच."

 लोक म्हनत्यात, ह्याच्या तोंडाला लगाम न्हाई. त्या टायमाला व्हता.

"नेस आता," माय म्हनली. "मला जायाचंय. बाई पलीकडं गेलीय."

मी तिथंच, वार्डात, प्यांटवरून लुगडं नेसलो. डोक्यावर पदर घेतला. समोरची सून हसली न्हाई, तिनं उठून आपल्या शालीचा आडोसा धरला. दम्याची आजी तिकडं तोंड करून झोपली. मी मायच्या कमरंखाली हात घातला, जसा सिस्टरनं शिकवलता तसा, आन भांडं सरकवलं. मायनं डोळे मिटले. जरा येळानं भांड्यात आवाज झाला, बारीक. त्या आवाजानं मला काय वाटलं ते सांगून पटायचं न्हाई. बादलीतल्या धारंपरीस चांगला वाटला.

मी तिला पुसलं, चादर सारखी केली. ती म्हनली, "म्हशीचा वास येतोय रं तुज्या अंगाला."

"तुजीच सून अशी वास मारती," म्हनलो.

"पानी दे."

गिलास भरून दिला. मान वर धरली. ती थांबत थांबत पेली, आन समदा गिलास पेली. तळ दाखवला मला, ल्हान लेकरावानी.

मी सांजच्या दुधाला परत गेलो. जायला नको व्हतं का? कुनास ठावं. म्हैस थांबत न्हाई.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरनं सांगितलं, ताप रक्तात गेलाय, बीडला हलवा. मी सकाळचं दूध घालून पोचलो तवा ॲम्ब्युलन्स दारात हुबी व्हती आन सिस्टर मायच्या छातीवर दोन्ही हातानं दाबत व्हती. डॉक्टर बाजूला. बायको पायाशी बसलेली. सिस्टरच्या चपलीची पीन सुटून फरशीवर पडलेली दिसली मला, तेवढंच नीट ध्यानात हाय. मंग डॉक्टरनं तिच्या खांद्याला हात लावला आन ती थांबली.

पायाचं वजन सिस्टरनंच सोडलं. मायचा पाय मोकळा झाला. दोर तसाच हलत र्‍हायला.

बायको आन सिस्टरनं मिळून मायचं अंग पुसलं. मध्येच गड्यांच्या वार्डातून हाक आली, सिस्टर गेली, परत आली, उरलेलं पुसलं. तिनं डोळे पुसाया हात वर केला तर हातात दुसऱ्याची बाटली व्हती. मंग बाहीनंच पुसले.

गावातनं जीप आली. चार गड्यांनी मायला उचललं. समदे जीपकडं गेले आन मी मागं र्‍हायलो, पिशवी घ्यायला म्हनून. टँकर नुकताच येऊन गेलता, वरांड्यातला डराम काठोकाठ भरला व्हता. सिस्टर भिताडाला टेकून हुबी व्हती. व्हट निस्ते फुटलेले.

मायचाच गिलास म्या इसळला, डरामातून भरला आन तिच्याफुडं धरला.

"प्या सिस्टर. मी हाय हिथं. वार्डावर ध्यान ठिवतो. चाक फिरवता येतंय मला."

तिला हसू आलं, जरासं. तिनं गिलास घेतला, व्हटापाशी नेला.

तेवढ्यात बाळंतपनाच्या खोलीतून कुनीतरी बाई वरडली. सिस्टरनं गिलास खिडकीवर ठिवला आन पळाली. पायात येकच चप्पल.

मी थांबलो. जीपवाला हारन वाजवत व्हता. खोलीतून तिचा आवाज यायला लागला, "जोर दे, आता दे." गिलास तिथंच व्हता, भरलेला. सकाळपासून माज्या तोंडात बी पान्याचा थेंब गेला नव्हता. गिलासाकडं बघितलं, आन त्याच्यावर पिशवीतली मायची बशी काढून झाकली, धूळ पडू नये म्हनून.

या बारी मी पेलो न्हाई.